राक्षसिणीच्या राखणीतली पोरं

श्रावण लागला की भिवंडीच्या बाजारात पूजेचं सामान विकणाऱ्यांकडे जिवतीचे कागद येतात. आघाडा-दुर्वांच्या जुड्यांशेजारी त्यांची गुंडाळी ठेवलेली असते. कागदावर चार चित्रं असतात. वर खांबातून निघालेला नरसिंह, खाली कालियाच्या फण्यावर नाचणारा कृष्ण, मग अंगाखांद्यावर पोरं घेतलेल्या दोन बाया आणि हत्तीवर नि वाघावर बसलेले बुध-बृहस्पती. या लेकुरवाळ्या दोघी म्हणजे जरा आणि जिवंतिका. शुक्रवारी त्यांना दूध-साखर, चणे-फुटाण्यांचा नैवेद्य होतो आणि घरातल्या मुलांना ओवाळलं जातं. मुलांची राखण या दोघींकडे.

त्यातली जरा ही मूळची राक्षसीण. तिची गोष्ट महाभारताच्या सभापर्वात आहे. मगधाचा राजा बृहद्रथ याच्या दोन राण्यांनी ऋषीनं दिलेला एक आंबा अर्धा-अर्धा खाल्ला, तर दोघींना अर्ध-अर्ध मूल झालं. एक डोळा, एक हात, एक पाय इकडे आणि तेवढंच तिकडे. घाबरून दायांकरवी ते तुकडे चव्हाट्यावर टाकून देण्यात आले. रक्तमांसावर जगणारी जरा तिथून चालली होती. तिनं ते उचलले, आणि दोन तुकडे वागवण्यापेक्षा एक बोचकं नेणं सोपं म्हणून एकमेकांना जुळवले. पोर जिवंत झालं आणि मूठ तोंडात घालून गर्जायला लागलं. तो जरासंध. त्याचा जीव वाचला तो कुणाच्या दयेमुळे नाही, ओझं नेण्याची सोय पाहिल्यामुळे. पुढे जरेनं मूल राजाला परत दिलं, राजानं तिचा उत्सव सुरू केला, आणि आपण आजही तिला भिंतीवर बसवून पोरंबाळं तिच्या ओटीत घालतो.

मुलांवरच्या संकटांची अशीच हसवणारी, अंगावर काटा आणणारी गोष्ट परदेशात जेव्हा पुस्तकरूपात आली तेव्हा तिचं मोठं नवल झालं. १९९९ साली अमेरिकेत 'अ सिरीज ऑफ अनफॉर्च्युनेट इव्हेंट्स' या मालिकेचा पहिला भाग निघाला. लेखक म्हणून नाव लेमनी स्निकेट. हा माणूस अस्तित्वातच नाही. सॅन फ्रान्सिस्कोचा कादंबरीकार डॅनियल हँडलर एका कादंबरीच्या अभ्यासासाठी काही कडव्या राजकीय संघटनांकडून माहितीपत्रकं मागवत होता. आपलं खरं नाव त्यांच्या यादीत जाऊ नये म्हणून फोनवर त्यानं हे नाव ठोकून दिलं, आणि पुढे तेच नाव तेरा पुस्तकांवर छापलं गेलं. जवळजवळ प्रत्येक पुस्तकात तेरा प्रकरणं. शेवटचा भाग २००६ साली १३ ऑक्टोबरला, शुक्रवारी. तिकडच्या समजुतीप्रमाणे तेरा तारखेचा शुक्रवार म्हणजे अवसेचा फेरा. तो मुहूर्त मुद्दाम साधला.

गोष्ट बोदलेअर भावंडांची. चौदा वर्षांची व्हायोलेट यंत्रं जुळवते, बारा वर्षांचा क्लाउस पुस्तकं फस्त करतो आणि तान्ही सनी दिसेल ते चावते. घराला आग लागून आईबाप जातात. मागे मोठी इस्टेट राहते, पण व्हायोलेट सज्ञान होईपर्यंत ती कुणाला मिळायची नाही. कारभार पाहणारे पो नावाचे बँकवाले सद्गृहस्थ सतत खोकत असतात आणि मुलांना एकेका पालकाकडे पोचवत असतात. पहिला पालक काउंट ओलाफ, तिसऱ्या दर्जाचा नट आणि पहिल्या दर्जाचा लुच्चा. तो नाटकाच्या नावाखाली व्हायोलेटशी खरोखरचं कायदेशीर लग्न लावायला निघतो आणि ती नाही म्हणू नये म्हणून सनीला पक्ष्याच्या पिंजऱ्यात घालून मनोऱ्यावरून लोंबकळत ठेवतो. व्हायोलेट सुटते कशी? कागदावर सही करताना ती उजव्या हाताऐवजी डावा हात वापरते, आणि कायद्यात 'वधूनं स्वहस्ते' असं म्हटलेलं असल्यानं लग्न रद्द ठरतं. तान्हं मूल टांगलेलं असताना निकाल लागतो तो कायद्याच्या एका शब्दावर. हाच या मालिकेचा विनोद. मुलं शहाणी, दुष्ट माणूस मूर्ख आणि बेरकी, आणि भली माणसं सगळ्यांत घातक, कारण ती नियमानं वागतात.

या पुस्तकांचं खरं घर मात्र कान आहे, असं माझं मत आहे. ऑडिओबुकं बहुतेक टिम करी या इंग्रज नटानं वाचली. 'अ‍ॅनी' या १९८२ च्या चित्रपटात यानंच अनाथ पोरीचा बाप असल्याचं सोंग घेऊन पैसे लाटू पाहणारा भामटा केला होता, म्हणजे अनुभव गाठीशी होता. तिसरा, चौथा आणि पाचवा भाग खुद्द हँडलरनं स्निकेट म्हणून वाचला. स्टीफन मेरिट या संगीतकारानं आपल्या 'गॉथिक आर्चीज' या नावाखाली प्रत्येक भागासाठी एक रडकं गाणं केलं. त्यात हँडलर स्वतः अकॉर्डियन वाजवतो. २००४ साली जिम कॅरीचा चित्रपट आला, २०१७ ते २०१९ या काळात नेटफ्लिक्सवर पंचवीस भागांची मालिका झाली. दोन्ही देखणी. पण चित्रात मनोरा दिसतो, पिंजरा दिसतो, आणि भीतीचा आकार दिग्दर्शक ठरवून मोकळा होतो. कानानं ऐकताना पिंजरा किती उंच टांगायचा हे ऐकणारं पोर ठरवतं. ज्याला झेपतं ते आकाशाला भिडवतं, ज्याला झेपत नाही ते मुकाट्यानं पहिल्या मजल्यावर आणून ठेवतं.

दुसरं म्हणजे, डोळा लबाड असतो. भीती वाटली की तो चार ओळी पुढे जाऊन पोरं वाचली का बघून येतो. कानाला ही सोय नाही. वाचणारा नेमका कड्याच्या टोकावर थांबला की ऐकणाऱ्यालाही तिथंच थांबावं लागतं. स्निकेट तर थांबून एखाद्या शब्दाचा अर्थ समजावायला घेतो, तोही असा की अर्थातून भलतंच काही निघावं. मूल तिकडे लोंबतंय आणि हे गृहस्थ व्याकरण सांगताहेत.

आपल्याकडे हे कुणी ऐकलं नसेल तर त्यानं कीर्तन ऐकलेलं नाही. भिवंडीच्या आसपासच्या आगरी गावांत हरिनाम सप्ताह अजून जोरात होतात. गोदामांच्या पत्र्यांवरून भोंग्याचा आवाज पार खाडीपर्यंत जातो. नारदीय कीर्तनाच्या उत्तररंगात काय किंवा वारकरी बुवांच्या चिंतनात काय, आख्यान ऐन रंगात आलं, राक्षसानं हात उगारला, की बुवा टाळकऱ्यांकडे वळून नाम घेतात, उपरणं सावरतात, आणि समोरच्या एखाद्या म्हाताऱ्याला विचारतात, काय आण्णा, झोप लागली का? मंडपात हशा होतो. राक्षसाचा हात अजून वरच. हा थांबा म्हणजे विषयांतर वाटतं, पण भीती आणि हसू यांच्यातला तो सांधा आहे. २०१० साली पीटर मॅकग्रॉ आणि केलेब वॉरन या दोन अभ्यासकांनी विनोदाची एक उपपत्ती मांडली. काहीतरी बिनसलंय, रीत मोडलीय, धोका आहे, आणि त्याच वेळी आपल्याला काही होणार नाही हेही कळतंय, तेव्हा माणूस हसतो. धोका आख्यानात असतो आणि निर्धास्तपणा सांगणाऱ्याच्या आवाजात. बुवा उपरणं सावरू शकतात याचा अर्थ सगळं हाताबाहेर गेलेलं नाही.

आणि कीर्तनात अनाथ भावंडांची जी गोष्ट सगळ्यात जास्त सांगितली जाते, ती तरी काय आहे? आळंदीची चार पोरं. परंपरेनं सांगितलेली हकिकत अशी. विठ्ठलपंत बायकोची नीट संमती न घेता काशीला जाऊन संन्यासी झाले. त्यांचे गुरू आळंदीला आले, तेव्हा पाया पडलेल्या बाईला त्यांनी पुत्रवती होण्याचा आशीर्वाद दिला, आणि तिचा नवरा आपलाच शिष्य असल्याचं मागाहून कळलं. गुरूंनी विठ्ठलपंतांना संसारात परत पाठवलं. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता अशी चार मुलं झाली आणि 'संन्याशाची पोरं' म्हणून वाळीत पडली. धर्मसभेनं ग्रंथ धुंडाळून आईबापांना देहान्त प्रायश्चित्त सांगितलं. ते त्यांनी घेतलं. मग पोरांना शुद्ध करून घेतलं का? नाही. त्यांना पैठणहून शुद्धिपत्र आणायला सांगितलं. आई गेली, बाप गेला, आता दाखला आणा. स्निकेटचे खोकणारे पो साहेब त्या सभेत सहज मान डोलावत बसले असते.

पुढचं सगळ्यांना पाठ आहे. पैठणच्या सभेत रेड्याच्या तोंडून वेद. मुक्ताईला मांडे भाजायला परळ मिळू नये म्हणून विसोबानं कुंभारांना दम भरलेला, आणि त्यावर ज्ञानदेवांची तापलेली पाठ. योगबळावर चौदाशे वर्षं जगलेला चांगदेव भेटीआधी पत्र लिहायला बसतो, पण पोरांना वयामुळे आशीर्वाद लिहावा की ज्ञानामुळे नमस्कार, हे न ठरून कोराच कागद पाठवतो, आणि मुक्ताई म्हणते की इतकी वर्षं जगून हा कोरा तो कोराच राहिला. परंपरेचे शक धरले तर तेव्हा ती अजून परकरातली पोर आहे. त्या कोऱ्या कागदाला उत्तर म्हणून ज्ञानदेवांनी पासष्ट ओव्या लिहिल्या. या प्रसंगांवर मंडपात लोक डोळे पुसतात तसे मांडी थोपटून हसतातही, आणि ते हसू बुवा स्वतः काढून घेतात. रेड्याला हाकणाऱ्याचा आवाज वेगळा, विसोबाचा घोगरा, मुक्ताईचा बारीक नि धारदार. त्या पोरांची कीव करायला कुणी जात नाही. तिथं अनाथ पोरगी सगळ्यांत तिखट असते.

छापील पुस्तकात मात्र आपण अनाथ मुलाला मऊ केलं. ना. धों. ताम्हनकरांचा 'गोट्या' अनाथ आहे, पण पहिल्यापासून त्याला माया मिळते आणि त्याची हुशारी घराला उपयोगी पडत राहते. पुस्तक अप्रतिम, आणि १९९० च्या सुमाराला दूरदर्शनवर आलेल्या मालिकेमुळे एक पिढी त्याच्यावर वाढली. पण गोट्याच्या जिवावर कुणी उठत नाही. साने गुरुजींची 'श्यामची आई' १९३५ साली आली. खरं तर ती पूर्णपणे ऐकवलेली गोष्ट आहे. श्याम आश्रमातल्या मित्रांना रोज रात्री सांगतो, प्रकरणांना नावंही 'रात्र पहिली', 'रात्र दुसरी' अशी. ऐकणारे रडतात, वाचणारेही रडतात, आणि आई जाण्याचं दुःख हे मराठी बालवाङ्मयात एकाच सुरात लागायचं ठरून गेलं. तो सूर खोटा नव्हता. त्यानं बाकीचे सूर दाबले, एवढंच. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे संकटांत खुशाल उडी घेतो. त्याचा तो जिभेनं काढलेला 'ट्टॉक' आवाज तर छापील अक्षरांत मावतच नाही, तोंडानंच काढावा लागतो. पण त्याचे आईबाप फुरसुंगीला सुखरूप असतात. अरुण साधूंच्या 'झिपऱ्या'मधली स्टेशनावर बूटपॉलिश करणारी पोरं खरोखर निराधार आणि खरोखर धोक्यात आहेत. ती कादंबरी मात्र मोठ्यांची. साहस, अनाथपण आणि हसू ही तिन्ही एकत्र हवी असतील तर मराठी मुलाला आजीच्या तोंडाकडेच बघावं लागलं, नाहीतर रंगमंचाकडे. रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या'तली चेटकीण पोरांना आजही हवीशी वाटते. ती आधी दिलीप प्रभावळकरांनी केली, अलीकडे वैभव मांगलेंनी. त्याच प्रभावळकरांचा 'बोक्या सातबंडे' पुस्तकात येण्याआधी आकाशवाणीवर ऐकू आला होता. बोक्या अनाथ नाही, पण तो कानासाठी जन्मला, आणि वाचताना ते लगेच कळतं.

आजीच्या तोंडच्या गोष्टींपैकी एक जवळून पाहण्यासारखी आहे. जिवतीची शुक्रवारची कहाणी. राजाला मूल नाही. राणी सुईणीला सांगते, गुपचूप एक मुलगा आणून दे. सुईण एका गरीब गरोदर बाईला गाठते, तुझं बाळंतपण फुकट करते म्हणते. वेळ भरते तेव्हा भीती वाटू नये असं सांगून तिचे डोळे बांधते. मुलगा मागच्या वाटेनं राजवाड्यात जातो. इकडे सुईण एक वरवंटा घेते, त्याला कुंचा बांधते, बाळंतिणीपुढे ठेवते आणि सांगते, बाई, तुला वरवंटा झाला. बाई बिचारी ते ऐकून घेते. मनाला पटत नाही, पण करणार काय? ती जिवतीची पूजा करते आणि माझं मूल असेल तिथं सुखी असो म्हणून अक्षता उधळते. त्या अक्षता तिकडे राजवाड्यातल्या पोराच्या डोक्यावर पडतात. पुढे तो राजा होतो, एका रात्री नको त्या हेतूनं याच बाईच्या दाराशी येतो, अंधारात त्याचा पाय वासराच्या शेपटीवर पडतो. वासरू आईकडे गाऱ्हाणं करतं आणि गाय आपल्या वासराला सांगता सांगता राजाच्या जन्माचं गुपित फोडते.

चोरलेलं मूल, डोळे बांधलेली आई, घडता घडता राहिलेलं भयंकर पाप. आणि मधोमध कुंचा बांधलेला वरवंटा. तो कुंचा कशाला हवा होता? नुसता वरवंटा ठेवून भागलं असतं. पण सुईणीला वाटलं, बाळंतपण आहे तर बाळाला बाळाचा थाट हवा. नीट, मन लावून केलेला हा मूर्खपणा काउंट ओलाफला शोभून दिसला असता.

यातली गंमत वाचण्याच्या पद्धतीत आहे. कहाणी वाचणारी बाई आवाजात चढउतार करत नाही. ऐकणाऱ्यांच्या हातात अक्षता असतात, ती एका सुरात वाचत जाते. 'तुला वरवंटा झाला' हे ती ज्या आवाजात वाचते त्याच आवाजात नंतर 'चहा ठेवा' म्हणते. माझ्या आत्यानं कधी या वाक्याला अभिनय केला असता तर आम्ही पोरं घाबरलो तरी असतो किंवा कंटाळलो तरी. ती काहीच करत नसे, म्हणून आम्ही एकमेकांना कोपरानं ढोसत फुटायचो. टिम करी ऐकताना पहिल्यांदा लक्षात येतं ते हेच. ओलाफसाठी त्यानं किती आवाज काढले याचं कौतुक होतं, पण स्निकेटची निवेदनाची वाक्यं तो चेहऱ्यावर सुरकुती न पडू देता वाचतो, आणि खरा घाव तिथं बसतो. आपल्याकडच्या ऑडिओबुकांत हल्ली नेमकं उलटं होतं. मुलांची गोष्ट म्हटली की वाचणारा लाडे लाडे बोलायला लागतो, मागे घुबड, वारा, दार करकरणं. इतकं सगळं कानात ओतल्यावर ऐकणाऱ्यानं करायचं काय?

ऐकीव पुस्तकांचा धंदा तसा लहान मुलांसाठी सुरू झालाच नव्हता. अमेरिकेत १९३० च्या दशकात अंधांसाठी तबकड्यांवर 'बोलकी पुस्तकं' आली. आपल्याकडेही मुंबईच्या नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडसारख्या संस्थांनी अशी पुस्तकं ध्वनिमुद्रित केली. मोबाइलवर महिन्याचे पैसे भरून ऐकण्याची रीत मराठीत रुळली ती २०१७ च्या नोव्हेंबरात स्टोरीटेल भारतात आलं तेव्हापासून. इंग्रजी नि हिंदीबरोबर मराठी पहिल्या दिवसापासून होती, हे विशेष.

भिवंडीत ऐकणं ही साधी गोष्ट नाही. यंत्रमागाच्या गाळ्यात धोटा या टोकाहून त्या टोकाला आपटत असतो आणि बारा-बारा तासांच्या पाळ्यांत तो आवाज थांबत नाही. शेजारच्या मागावरच्या माणसाशी बोलायला त्याच्या कानाशी तोंड न्यावं लागतं, नाहीतर खुणा. आमच्या कामतघरच्या बाजूला घराच्या भिंतीला भिंत लावून गाळे आहेत. २००७ च्या जानेवारीत इथलं वीजवितरण टोरंट पॉवरकडे गेलं, देशात असा फ्रँचायझीचा प्रयोग पहिल्यांदा इथंच झाला. त्याआधीच्या भारनियमनाच्या काळात मालकांचं नुकसान व्हायचं आणि आमची चैन. लाइट गेली की गल्लीभर एकदम शांतता, आणि ओट्यावर कुणीतरी गोष्ट काढायचंच. भुतांच्या गोष्टींना तर लाइट येईपर्यंतचीच मुदत. माग पुन्हा सुरू झाले की भूत अर्ध्यावर सोडून उठायचं.

दुसरी अडचण भाषेची, आणि तीच खरी सोय. पद्मानगरात घरात तेलुगू, गावात उर्दू नि हिंदी, पलीकडे आगरी बोली, आणि गोदामांच्या पट्ट्यात देशभरातून आलेली माणसं. या घरांतली बरीच मुलं मराठी शाळेत येतात. फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर यांनी १९८६ साली वाचनाचं एक सरळ गणित मांडलं. वाचन म्हणजे अक्षरं उलगडणं गुणिले ऐकून समजणं. गुणाकार असल्यामुळे एक बाजू शून्य झाली तर उत्तर शून्य. तेलुगू घरातली मुलगी बाराखडी वर्षभरात घोटते, पण 'कुंचा' म्हणजे काय हे तिच्या कानावरच पडलेलं नसतं. तिला आधी भरपूर ऐकायला हवं, आणि ते असं हवं की अर्थ अर्धाच कळला तरी उठून जावंसं वाटू नये. जिवावर बेतलेली पोरं आणि मूर्ख मोठी माणसं यांच्या गोष्टीत ही ताकद आहे. त्यातली सनी तर निरर्थक शब्दच बोलते. ती काहीतरी किंचाळते आणि निवेदक गंभीरपणे सांगतो की याचा अर्थ साधारण अमुक वाक्य असा होतो. कागदावर ते वाचून पुढे जाता येतं. ऐकवताना मात्र ती किंकाळी फोडावी लागते, आणि मग भाषा येणारं नि न येणारं पोर एकाच वेळी हसतं.

रविवारी आमच्याकडे मुलांना गोष्टी ऐकवण्याचा उद्योग चालतो. तिथं मी या मालिकेतला चौथा भाग, 'द मिझरेबल मिल', मराठीत तोंडी सांगितला. त्यात बोदलेअर भावंडांना एका लाकूड-कारखान्यात कामाला जुंपतात. दुपारच्या जेवणाला च्युइंगम, आणि पगार म्हणून कूपनं, खरेदीवर सूट देणारी. पैसेच नसल्यामुळे खरेदी कुणी करत नाही. अमेरिकेतल्या मुलांना हा कल्पनेचा कडेलोट वाटत असेल. आमच्यासमोर बसलेल्यांत मागावर जाणाऱ्या बापांची पोरं होती, आणि एकीची आई भिसी चालवते. घरदार गावी ठेवून आलेले कामगार महिन्याच्या हिशेबानं जिथं जेवतात ती खाणावळ म्हणजे भिसी. च्युइंगमवर मुलं हसली. कूपनांवर गप्प झाली. मग भिसीवालीच्या मुलीनं हिशेबी आवाजात विचारलं, "सर, वो कूपन भिसी में चलेगा क्या?" मी म्हटलं, नाही. "फिर उनका खाता कौन लिखता?" यावर जी चर्चा पेटली तीत काउंट ओलाफ राहिला बाजूला. सगळ्यांचं मत पडलं की त्या कारखान्यात पहिल्यांदा एक भिसी काढायला हवी, आणि सनीला दात आहेत तर तिला कांदे सोलायला बसवावं.

चौदा वर्षांखालच्या मुलाला कुठल्याही धंद्यात कामाला लावणं २०१६ च्या दुरुस्तीनंतर कायद्यानं बंद आहे. घरच्या धंद्यात शाळा सांभाळून हातभार लावण्याला आणि पडद्यावरच्या बालकलाकारांना तेवढी सूट आहे. हे मी मुलांना सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि गोष्ट पुढे सांगा म्हणाली.

मोठ्यांचा नेहमीचा प्रश्न असतो की मुलांना असलं ऐकवावं का. ब्रुनो बेटलहाइम या मानसतज्ज्ञानं १९७६ साली आख्खं पुस्तक लिहून बाजू मांडली की परीकथांतल्या क्रूर गोष्टी मुलाला स्वतःच्या मनातल्या भीतीला आकार द्यायला उपयोगी पडतात. त्याच्या बऱ्याच मतांवर पुढे टीका झाली आणि मला स्वतःला तो जरा जास्तच खोलात जाऊन बघतो असं वाटतं. माझं कारण साधं आहे. साहसाच्या गोष्टीत आईबाप आड येतात, म्हणून लेखक त्यांना आधी उडवतो. रोआल्ड डालनं तर जेम्सच्या आईबापांना भर रस्त्यात पळून आलेल्या गेंड्याकडून खाववलं आणि पुढच्या पानावर कामाला लागला. मुलांना हे तंत्र बरोबर कळतं. घाबरतो तो पालक, कारण पहिल्याच पानावर मेलेला माणूस तो असतो.

झोपताना मुलाच्या कानात इअरफोन घालून असली गोष्ट लावणं मात्र मला पटत नाही. ही गोष्ट चारचौघांत ऐकायची. कोपरानं ढोसायला शेजारी कुणीतरी हवं. फोन मध्ये ठेवावा, आवाज मोठा करावा, आणि मुलांनी मध्येच तोंड घातलं तर बंद करून बोलू द्यावं. सहा-सात वर्षांखालच्यांना जरासंधापेक्षा भोपळ्यातली म्हातारी बरी. तिलाही वाघ-कोल्हे खायलाच टपलेले असतात, पण ती लेकीकडे जाऊन तूपरोटी खाऊन येते.

मराठीत अशी एखादी मालिका नव्यानं लिहून ध्वनिमुद्रित करायची झाली तर वाचायला कुणाला बसवावं, यावर आमच्याकडे वाद आहेत. तरुण मंडळींना नट हवा. मला सप्ताहात ऐकलेले एक बुवा हवेत. वय साठीच्या पुढे, आवाज थोडा बसलेला, आणि सगळ्यात भयंकर वाक्य बोलून झाल्यावर पाण्याचा तांब्या शोधायची सवय. स्टुडिओवाल्यांनी तो तांब्याचा आवाज कापू नये, एवढी एकच अट करारात घालावी लागेल.